पुढचा ब्रेक, फॉर्म २५ आणि बाबांची बाईक

२५ सप्टेंबर २०२४, बुधवार. त्या संध्याकाळचा पाऊस ठाणे-मुंबईत ज्यांनी अंगावर घेतला, त्यांना तारीख सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी दिली होती. मी बाईकने महापेहून सहाला निघालो. ऐरोली, दिघा करत विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली आलो तर पाणी घोट्याच्या वर. पहिल्या गिअरमध्ये, एक्सिलरेटर सोडायचा नाही हा नियम पाळत पार झालो आणि स्वतःवरच खूश झालो. ती खुशी कळवा नाक्यापर्यंत टिकली. समोरची रिक्षा भाडं घ्यायला थांबली, मी पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर मऊ लोण्यात गेल्यासारखा सरळ मुठीला टेकला.

मागचा ड्रम पाण्याने भिजलेला, त्यामुळे पेडलवर उभा राहिलो तरी बाईक नुसती सुस्कारत पुढे. लिव्हर सोडून परत दाबला, परत दाबला, तिसऱ्या वेळी कुठे जोर आला. रिक्षाच्या मागच्या पत्र्यात आणि माझ्या पुढच्या चाकात चार बोटांचं अंतर राहिलं. रिक्षावाल्याला काही कळलंही नाही. मी मात्र कळवा पूल दुसऱ्या गिअरमध्ये, डाव्या कडेने, प्रत्येक दहा पावलांवर लिव्हर दाबून बघत ओलांडला. वर्तकनगरला घरी पोचायला पावणेनऊ झाले.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला होता. त्याला म्हटलं, सोसायटीत एक चक्कर मारून बघ. तो खालून परत आला तो चावी हातात घेऊनच. "भावजी, ही तुम्ही चालवता कशी?"

हे वाक्य मला लागलं, कारण माझ्या मते ब्रेक आदल्या दिवशी गेला होता. नंतर आठवत गेलं तसं लक्षात आलं की तो जुलैपासून जात होता. आधी दोन बोटांनी दाबायचो, मग तीन, मग चार. सिग्नल दिसला की थोडं आधीच दाबायला लागलो होतो. रोज एवढा-एवढासा फरक, आणि हात त्या फरकाला सरावत गेलेला. म्हणून पहिली सूचना इथेच देतो: दोन-तीन महिन्यांतून एकदा तुमची बाईक दुसऱ्या कोणाला तरी चालवायला द्या. तुमच्या हाताला कळणार नाही ते त्याला पहिल्या वळणावर कळेल.



बाईक बाबांच्या नावावर. १५० सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम. नोंदणी २४ नोव्हेंबर २००९ ची, म्हणजे आरसी २३ नोव्हेंबर २०२४ ला संपणार. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची तर फॉर्म २५ भरून गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते. अर्ज मुदत संपायच्या ६० दिवसांपेक्षा आधी करता येत नाही. माझे ते ६० दिवस नेमके याच आठवड्यात सुरू झाले होते. हिचं मत होतं भंगारात द्या. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवले नीट नाहीत. मग विषय संपला.

२७ तारखेला परिवहन खात्याच्या पोर्टलवर बसलो. पहिल्याच पायरीवर ओटीपी गेला बाबांच्या जुन्या नंबरवर, जो बंद होऊन सहा वर्षं झालेली. म्हणजे आधी मोबाइल नंबर बदलायचा, मग पुढचं. आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, त्यात आणखी दिवस गेले. ३ ऑक्टोबरला नंबर बदलला गेला. तुमच्या घरात वडिलांच्या नावावर जुनी गाडी असेल तर मुदत दूर असतानाच आरसीवरचा मोबाइल नंबर चालू आहे का ते बघून ठेवा. हे काम फुकटात आणि घरबसल्या होतं, फक्त घाईत होत नाही.



ब्रेककडे वळतो. शनिवारी, २८ तारखेला, घराजवळच्या एका गॅरेजात गेलो. पोराने वीस मिनिटांत पुढचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे) बदलले. पॅड ४२०, मजुरी १५०. जुने पिस्टन त्याने मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने आत ढकलले, नवे पॅड घातले, लिव्हर आठ-दहा वेळा दाबला, झालं. लिव्हर कडक लागला. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे जुना पार्ट परत मागायची सवय. त्याने ते पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. या सवयीने पुढे मला वाचवलं.

चार दिवसांत नवीन त्रास सुरू झाला. बाईक ढकलताना जड. पेट्रोल जास्त खायला लागली. २ ऑक्टोबरला सुट्टी होती म्हणून बाबांना घेऊन कौपिनेश्वर मंदिरात गेलो, येताना जळका वास. पार्किंगला लावली आणि झाडावरून दोन थेंब डिस्कवर पडले तर चर्रर्र आवाज आला, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. अर्धा फेराही झाला नाही. ब्रेक सोडलेला होता, तरी पॅड डिस्कला धरूनच होते.

४ तारखेला सर्व्हिस सेंटर. जॉब कार्ड झालं, तपासणीचे २०० घेतले आणि दुपारी एस्टिमेट आलं: ७,८४० रुपये. कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) पूर्ण सेट, डिस्क, मास्टर सिलिंडर पूर्ण सेट, होज पाइप (ब्रेक ऑइलची रबरी नळी), ऑइल, मजुरी. मी विचारलं, कॅलिपरमध्ये नेमकं काय बिघडलंय? "सेटच येतो सर." मास्टर सिलिंडर का? "तो पण जुना आहे ना." उत्तर चुकीचं म्हणता येणार नाही, जुना होताच. पण बाईकची विकत किंमत पंधरा हजार धरली तर निम्मे पैसे पुढच्या ब्रेकमध्ये. एस्टिमेट लेखी घेतलं आणि बाहेर पडलो. (लेखीच घ्या. पुढे कोणालाही दाखवताना यादी हातात असते.)

बाबांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "वागळेत जाऊ."

वागळे इस्टेटमध्ये बाबांनी सव्वीस वर्षं लेथवर काढली. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये याच वसाहतीपासून झाली हे ते पाहुण्यांना हमखास सांगतात. आता तिथे निम्म्या ठिकाणी काचेच्या इमारती आहेत, पण आतल्या गल्ल्यांत अजून जुनी माणसं पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. त्यातले एक मिस्त्री बाबांच्या ओळखीचे. ५ तारखेला सकाळी मी बाईक हळू हळू नेली, बाबा रिक्षाने आले.

मिस्त्रींनी बाईकला हात लावला नाही. आधी विचारलं, "जुने पॅड आहेत?" मी पुडी सोडली. त्यांनी एक पॅड कडेने डोळ्यासमोर धरलं आणि मला दिलं. "पाचर झालीय बघा."

खरंच. एका टोकाला मटेरियल तीन मिलिमीटर असेल, दुसऱ्या टोकाला जेमतेम एक. मी ते पॅड आठ दिवस घरात ठेवलं होतं, एकदाही नीट बघितलं नव्हतं.

इथे ब्रेक चालतो कसा ते सांगतो, मिस्त्रींनी मला सांगितलं त्याच क्रमाने. लिव्हर दाबला की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधला छोटा पिस्टन ब्रेक ऑइलला ढकलतो. द्रव दाबून आकसत नाही, त्यामुळे तो दाब पाइपातून जसाच्या तसा खाली कॅलिपरमध्ये पोचतो. खालचे पिस्टन वरच्यापेक्षा मोठे, म्हणून तोच दाब तिथे कितीतरी जास्त जोर होऊन बाहेर पडतो. चार बोटांच्या ताकदीने दीडशे किलोची बाईक आणि वर दोन माणसं थांबतात ती यामुळे. माझ्या बाईकला दोन्ही पिस्टन डिस्कच्या एकाच बाजूला आहेत. ते आतलं पॅड डिस्कवर दाबतात, आणि त्याच धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅडही ओढून आणतो. म्हणजे पिना मोकळ्या हव्यात. त्या सुकल्या की एक पॅड झिजतं, दुसरं तसंच राहतं. आणि दोन पिस्टनांपैकी एक अडकला तर पॅड तिरकं दाबलं जातं, त्याची पाचर होते. माझ्याकडे दोन्ही होतं.

लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो, हे मी विचारलं. मला वाटलं होतं आत स्प्रिंग असेल. स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी कडांचं रबरी सील असतं. पिस्टन पुढे जाताना ते किंचित पिळवटतं आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. एवढंच. तेवढ्या केसभर फटीवर चाक मोकळं फिरतं. सीलच्या खाचेत मागून क्षार धरला, रबर कडक झालं, की ती फट जाते आणि पॅड डिस्कवर घासत राहतात. गॅरेजातल्या पोराने स्क्रू ड्रायव्हरने पिस्टन ढकलले ते गंज आणि धुळीसकट आत ढकलले. आधीच जे अर्धवट अडकलेलं होतं ते पक्कं झालं.

"आणि परवा पावसात लिव्हर खाली गेला तो?"

"पॅड झिजले की पिस्टन पुढे येतात. त्यांच्या मागे जागा होते, ती भरायला ऑइल वरून खाली जातं. हँडलवरची ऑइलची टाकी रिकामी होत गेली, खालच्या रेघेखाली गेली. मग हवा घुसली. हवा आकसते ना." मग बाबांकडे वळून, "ऑइल कधी बदललंवत?"

बाबांनी पिशवीतून डायरी काढली. पेट्रोल, सर्व्हिसिंग, पंक्चर, सगळं तारीखवार. मी तिथेच उभा राहून पानं उलटली. ब्रेक ऑइल: १४ मार्च २०१६. त्यानंतर नोंदच नाही. आणखी एक गोष्ट दिसली. मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे) चार वेळा बदललेले. पुढचे पॅड बाबांच्या काळात एकदाही नाही; २०१९ पासून बाईक माझ्याकडे आली तेव्हा सर्व्हिसिंगमध्ये एकदा बदलले तेवढेच.

बाबा पुढचा ब्रेक वापरतच नव्हते. "पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो" हे मला त्यांनी बाईक शिकवताना सांगितलेलं पहिलं वाक्य. मिस्त्री हसले. "साहेब, दहा वर्षं जपून ठेवलात तुम्ही तो." न वापरलेला पिस्टन जागच्या जागी बसतो, ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं, आतून गंजत जातं. आणि ब्रेक लावताना वजन सगळं पुढच्या चाकावर येतं, थांबवण्याचं निम्म्याहून पुष्कळ जास्त काम पुढचाच करतो. तोंडावर पडतो तो माणूस ब्रेक झटक्याने आवळतो म्हणून. १२५ सीसीच्या वरच्या बाईकना एबीएस सक्तीचं झालं ते २०१८-१९ पासून. आमच्या २००९ च्या बाईकला चाक लॉक होऊ न देण्याचं काम चालवणाऱ्याच्या बोटांनीच करायचं. आधी हलका दाब, वजन पुढे आलं की मग जोर. बाबा मान डोलवत होते, पटलं का ते कळलं नाही.

मिस्त्रींनी ७,८४० च्या यादीवर पेनाने रेघा मारल्या. कॅलिपर सेट नको, सील किट आणा. मास्टर सिलिंडर गळत नाही, राहू दे. होज पाइप मात्र बदला, पंधरा वर्षांचं रबर आहे, दाबल्यावर फुगतं. डिस्क मोजू. आणि बाईक आता चालवू नका.



६ तारखेला, रविवारी दुपारी, ते आमच्या पार्किंगमध्ये आले. शेड बंद असते म्हणून. पुढचे दोन तास मी फक्त धरा-सोडा केलं.

पिस्टन बाहेर काढायचे तर होज सोडायच्या आधीच काढायचे, ही युक्ती लक्षात ठेवा. कॅलिपर फोर्कवरून सोडला, पॅड काढले, आणि लिव्हर दाबत गेलो. ऑइलच पिस्टनना बाहेर ढकलतं. पण मोकळा असलेला पिस्टन आधी सुटतो आणि अडकलेला तसाच राहतो, म्हणून मोकळ्याला क्लॅम्प लावून दाबून ठेवायचं. अडकलेला आधी जागचा हललाच नाही. मी लिव्हर दाबून धरलेला, मिस्त्री कॅलिपरवर लाकडी दांड्याने हलके टोले देतायत. मग टक् असा छोटासा आवाज आला आणि पिस्टन दोन मिलिमीटर सरकला. मला उगाचच टाळी वाजवावीशी वाटली. कंप्रेसरची हवा मारून पिस्टन उडवणारे लोक आहेत. बोट मध्ये असेल तर मोडतं, घरी करू नका.

जे ऑइल बाहेर आलं ते नवं असताना फिकट पिवळं असतं. आमचं करपलेल्या चहासारखं होतं, तळाला काळी माती. सीलच्या खाचेत पांढरा कडक थर. मिस्त्रींनी तो बांबूची काडी तासून तिने खरवडला. लोखंडी टोक लावलं तर खाचेला ओरखडा पडतो आणि मग नवं सीलही गळतं. पिस्टनवर धुळीच्या रेषेपुरता गंजाचा डाग होता, पण नख फिरवल्यावर खड्डा लागला नाही. "वाचला," ते म्हणाले. खड्डा असता तर पिस्टनही नवे लागले असते.

किट मात्र मिळेना. स्टेशनकडच्या तीन दुकानांत फिरलो. जुनं मॉडेल, त्यात कॅलिपर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे लागत असत म्हणे. चौथ्याने कॅलिपरवरचा ठसा बघून ऑर्डर घेतली, चार दिवस म्हणाला. कॅलिपर किंवा त्याचा स्पष्ट फोटो बरोबर न्या, मॉडेलचं नाव सांगून भागत नाही.

चाराचे आठ दिवस झाले. तोवर ऑफिसला ट्रान्स हार्बर लोकलने. ठाण्याहून घणसोली, तिथून शेअर रिक्षा. एवढं वाईट नाही, फक्त सकाळी नऊची गाडी सोडून. १२ तारखेला दसरा आला. बाबांनी पार्किंगमध्ये सगळं साग्रसंगीत केलं: बाईक धुतली, हँडलला झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि शेजारी पाटावर पाने (स्पॅनर), पकड आणि वर्तमानपत्रावर उघडा पडलेला कॅलिपर. त्यालाही कुंकवाचं बोट. शेजारच्या नव्या कारवाल्याने थांबून बघितलं. मी ब्रेक नसलेल्या बाईकची पूजा या विषयावर काहीही बोललो नाही.



१४ ला किट आलं, ३८०. रविवारी, २० तारखेला जोडणी. नवी सीलं ब्रेक ऑइलमध्येच बुडवून बसवायची. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, तेही थोडं. होजच्या बोल्टला वर-खाली मिळून चार तांब्याचे वॉशर असतात, ते नवेच घालायचे, चाळीस रुपयांसाठी गळती ओढवून घेऊ नये. तीन आठवड्यांपूर्वीचे नवे पॅड उष्णतेने चकचकीत झाले होते. मिस्त्रींनी फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर इंग्रजी आठाच्या आकारात घासले, चकाकी गेली, मॅट झाले. वाचले. ऑइल पडलेलं पॅड मात्र वाचत नाही.

पिस्टन अंगठ्याने आत गेला. नुसत्या अंगठ्याने. ज्याला दांड्याने ठोकत होतो तोच.

मग हवा काढणं. या कामाला वीस मिनिटं लागतात असं मी ऐकलं होतं. आम्हाला अंधार पडला. कॅलिपरवरच्या ब्लीडर निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. एकाने लिव्हर दोन-तीनदा दाबून धरून ठेवायचा, दुसऱ्याने ८ नंबरच्या पान्याने निपल पाव फेरा सैल करायचं, ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात, निपल आवळायचं, आणि मगच लिव्हर सोडायचा. क्रम चुकला तर हवा परत आत. लिव्हरवर मी होतो, आणि मी चुकलो. वेगळ्याच प्रकाराने: वरची टाकी बघायची जबाबदारी माझी होती, बुडबुडे बघण्याच्या नादात ती कोरडी झाली. घर्र असा आवाज आला आणि सगळं पहिल्यापासून.

घाईत ऑइल ओतताना दुसरी चूक. चार थेंब पेट्रोलच्या टाकीवर सांडले, मला वाटलं नंतर पुसू. दहा मिनिटांत रुपयाएवढा रंग मऊ पडला आणि फडक्याबरोबर निघून आला. ब्रेक ऑइल रंग खातं. कामाला बसण्याआधी टाकीवर ओलं टॉवेल टाका, आणि सांडलं तर त्याच क्षणी पाण्याने धुवा. तो डाग अजून आहे.

ऑइल कोणतं घ्यायचं हे हँडलवरच्या ऑइलच्या टाकीच्या झाकणावरच कोरलेलं असतं. आमच्यावर डॉट ४ (ब्रेक ऑइलची प्रत). डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. आणि उकळलं की वाफ, वाफ म्हणजे पुन्हा लोण्यातला लिव्हर. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं आणि उघडलेली बाटली जपून ठेवायची नाही. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं वेगळं असतं, ते यात मिसळत नाही. नंबर मोठा म्हणून भारी, असं समजून आणू नका.

रात्री आठला लिव्हर नव्वद टक्के कडक होता. मिस्त्रींनी जुन्या ट्यूबची पट्टी काढून लिव्हर मुठीला आवळून बांधला. "सकाळी सोडा." राहिलेले बारीक बुडबुडे रात्रभरात वर चढतात. सकाळी साडेसहाला पट्टी सोडली, दाबला. अर्ध्या वाटेत दगडासारखा थांबला. मी परत दाबला. बाबा मागे उभे होते, म्हणाले, "दे इकडे," आणि त्यांनीही दाबून बघितला. दोन बोटांनी.

मागचे शू त्याच रविवारी बदलले, ते काम सोपं. ड्रमच्या झाकणावर एक काटा असतो, पेडल पूर्ण दाबल्यावर तो खुणेच्या पुढे गेला तर शू संपले. आमचा गेला होता. चाक काढलं, दोन स्प्रिंगांसकट शू उचलले, कॅमला ग्रीसचा ठिपका, ड्रम ओल्या फडक्याने पुसला. ड्रममधली धूळ फुंकर मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

नवीन पॅड-शूची खरी पकड पहिल्या दिवशी येत नाही. २२ ला पहाटे साडेपाचला पोखरण रोडवर चाळीसच्या वेगावरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, असं बारा वेळा केलं, मध्ये गार व्हायला वेळ देत. एका वॉचमनने दुसऱ्याला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगितलं.

खर्च असा: पहिलं गॅरेज ५७०, सर्व्हिस सेंटरची तपासणी २००, किट ३८०, होज ६५०, वॉशर ४०, ऑइलच्या दोन छोट्या बाटल्या ३००, शू ३१०, ब्रेक क्लीनर स्प्रे ३४०, नळी २०, मिस्त्रींचे दोन रविवार १,०००. एकूण ३,८१०. पहिल्या दिवशीच पाचर बघितली असती तर यातले साडेतीनशे आणि पंधरा दिवस वाचले असते.



२४ ऑक्टोबरला फॉर्म २५ भरला. नोंदणी नूतनीकरणाचे १,०००, स्मार्टकार्डचे २००, पर्यावरण कर २,०००, वर टपालखर्च. विमा आणि पीयूसी चालू असावे लागतात. पीयूसी आदल्या दिवशी काढली. चॅसीस नंबरची पेन्सिल प्रिंट लागते: हँडलखाली कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. पंधरा वर्षांच्या मळावर ते उमटत नाही. आधी रॉकेलच्या फडक्याने पुसा, मग पातळ कागद. माझे चार कागद वाया गेले. सह्या बाबांच्या, त्या आरसीवरच्या जुन्या सहीसारख्या याव्यात म्हणून त्यांनी आधी वहीत सराव केला.

दिवाळी मध्ये आली. तपासणी ७ नोव्हेंबरला, गुरुवारी. बाबांनाही नेलं. रांगेत तास-सव्वातास. निरीक्षकांनी चॅसीस नंबर ताडला, हॉर्न, हेडलाइट, इंडिकेटर. मग म्हणाले, "ब्रेक दाबा." मागचं पेडल दाबलं, लाल दिवा लागला. पुढचा दाबला, लागला नाही. दीड महिना ज्या लिव्हरसाठी घालवला, त्याच्याच खालचा दिव्याचा स्विच. जोडताना त्याची क्लिप बसवायची राहिली होती. निरीक्षक शांतपणे म्हणाले, "करून आणा." बाजूला घेतली, बाबांनी खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला (तो त्यांच्या खिशात का होता, विचारलं नाही), पाच मिनिटांत क्लिप बसली. पुन्हा रांगेच्या शेवटी. या वेळी त्यांनी थोडी चालवून थांबवायला सांगितली. थांबली. सही झाली.

नवीन कार्ड २ डिसेंबरला टपालाने आलं. मुदत २३ नोव्हेंबर २०२९.

एक काम राहिलंय. डिस्कवर किमान जाडी ३.५ मिलिमीटर कोरलेली आहे. त्या रविवारी मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावला तेव्हा ३.६ भरली. म्हणाले, हे पॅड संपेपर्यंत चालेल, पुढचे पॅड नव्या डिस्कवरच घाला. बाबांनी डायरीत तो आकडा लिहून त्याच्याभोवती लाल गोल केलाय, आणि दर महिन्याच्या एक तारखेला टाकीतलं ब्रेक ऑइल कोणत्या रेघेपर्यंत आहे तेही आता लिहितात.